‘राहू द्या, चालतंय’ म्हणू नका: सोलापूरच्या शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी,
जिल्हा अग्रणी बँकेचे व्यवस्थापक,
आणि पतसंस्थांचे सचिव व संचालक

सप्रेम नमस्कार.

मी मुरारजी पेठेत राहणारी एक खातेदार. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले, पुढे घरी बसून शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई केली. आमचे हे गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला, आणि १९९८ च्या दिवाळीनंतर ते ओमानमधल्या मस्कतला गेले, ते २०१५ ला कायमचे परत आले. थोरला मुलगा २०२२ मध्ये जर्मनीला शिकायला गेला, आता श्टुटगार्टला नोकरी करतो. घरातल्या दोन पिढ्यांचा परदेशातला पैसा माझ्या हातातून गेला आहे आणि त्याचा रुपयान्‌रुपया माझ्या वहीत लिहिलेला आहे. ती वही समोर ठेवूनच, परदेशी गेलेल्यांच्या खात्यांचे नियम त्यांच्या घरच्यांना वेळीच सांगा एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे.

कुठल्या एका शाखेला दोष द्यायचा नाही, म्हणून शाखेचं नाव घेत नाही. माझ्यासारखाच अनुभव भवानी पेठेत, जुळे सोलापुरात, अक्कलकोट रोडला, बार्शीत आणि सांगोल्यात किती घरांनी घेतला असेल हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

१९९९ च्या जानेवारीत मस्कतहून पहिला ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने आला. गड्ड्याची जत्रा भरलेली, धाकटी कडेवर, आणि मी तो ड्राफ्ट पदराखाली धरून शाखेत गेले. काउंटरवरच्या साहेबांनी तो दिव्याकडे धरून बघितला आणि म्हणाले, ‘अरे वा, मस्कतचा!’ मी विचारलं, ‘साहेब, हे आता बाहेरदेशी आहेत. खात्यात काही बदलावं लागतं का?’ माझ्या शिलाईच्या कामाच्या ठिकाणी एका अक्कानं मला तसं सुचवलं होतं. साहेब म्हणाले, ‘राहू द्या की वहिनी, चालतंय. कशाला कागदं वाढवता?’ अगदी आपुलकीनं म्हणाले. खुर्ची दिली, पाणी दिलं. मला बरं वाटलं.

त्यानंतर तेरा वर्षं तसंच चाललं. यांच्या नावाचं साधं बचत खातं, त्यात मस्कतचा पैसा, त्यातून ठेवी. हे सुट्टीवर आले की जाताना पाच-सहा कोऱ्या १५जी फॉर्मवर सह्या करून ठेवत. दर एप्रिलला मी त्यातला एक नेऊन देई, आणि तुमच्याकडे तो बिनबोभाट घेतला जाई. १५जी म्हणजे ‘माझ्या व्याजातून कर कापू नका’ असं लिहून द्यायचा फॉर्म. तो फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी होता, परदेशी राहणाऱ्याला तो देताच येत नसे. हे मला माहीत नव्हतं. काउंटरच्या पलीकडे माहीत असायला हवं होतं.

२०१२ च्या भाद्रपदात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला दीड लाख सांगितले. मी ठेव मोडायला गेले. नवीन साहेब होते, कर्तव्यदक्ष होते, त्यांनी केवायसीचे कागद मागितले. यांच्या पासपोर्टवर ओमानचा शिक्का बघितला आणि म्हणाले, ‘हे तर एनआरआय, म्हणजे अनिवासी भारतीय आहेत. खातं रेसिडेंट, म्हणजे निवासी कसं काय?’ खात्यातून पैसे काढणं बंद झालं. पासपोर्ट आणि तिथल्या रेसिडेंट कार्डाच्या प्रती वकिलातीतून साक्षांकित होऊन आल्या पाहिजेत, मग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशाचं खातं होईल, मग बघू. ते सगळं व्हायला एक्केचाळीस दिवस लागले. ऑपरेशन मी माझ्या पाटल्या गहाण ठेवून करून घेतलं. खातं एनआरओ झालं तेव्हा त्या वर्षीच्या व्याजाच्या ८१,००० रुपयांतून २५,००० च्या वर रक्कम टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापायचा कर, म्हणून कापली गेली. विवरणपत्र भरून ती परत मिळाली, चौदा महिन्यांनी.

नव्या साहेबांचं काहीही चुकलं नव्हतं. त्यांनी नियम पाळला. पण माझ्याकडून नियम मोडला जात होता तेव्हा मला कुणी थांबवलं नाही, आणि हाडं मोडलेलं माणूस खाटेवर असताना मात्र तो पाळला गेला. हे मी विसरू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणा बाईवर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

१९९९ साली त्या काउंटरवर मला पाच मिनिटांत काय सांगता आलं असतं ते आजच्या नियमांप्रमाणे इथे मांडते. परदेशी निघालेल्यांच्या घरच्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांनाही उपयोग होईल.

नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा परत कधी येणार हे नक्की नसताना माणूस देश सोडतो, तेव्हा परकीय चलनाच्या कायद्याने, म्हणजे २००० पासून लागू झालेल्या फेमाने, तो त्याच दिवसापासून अनिवासी धरला जातो. सहा महिने थांबायची गरज नाही. आयकराचा हिशेब वेगळा आहे. तिथे आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात ते मोजतात, आणि नोकरीसाठी गेलेल्या भारतीय नागरिकाला १८२ दिवसांची कसोटी लागते. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यात गेलेला मुलगा बँकेच्या लेखी त्या दिवशीच अनिवासी होतो, आणि आयकराच्या लेखी मात्र त्या वर्षापुरता निवासीच राहू शकतो. ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. ‘अजून वर्ष कुठं झालंय’ म्हणत खातं तसंच ठेवतात. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगितलं तरी लोक जागे होतील.

मग खाती. जुनं बचत खातं एनआरओ करायचं. इथलं घरभाडं, लाभांश, जुन्या ठेवींचं व्याज असा इथलाच पैसा त्यात येतो. त्याच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. तिथून पैसा बाहेर न्यायचा तर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि सोबत कागदपत्रं. दुसरं खातं एनआरई. त्यात फक्त बाहेरून आलेला पैसा पडतो, तो कधीही बाहेर नेता येतो आणि त्याच्या व्याजावर भारतात आयकर नाही. तिसरी एफसीएनआर ठेव, परकीय चलनातच ठेवायची, एक ते पाच वर्षांसाठी. एवढंच आहे. आमच्या घरी सुरुवातीपासून एनआरई असतं तर ना १५जी लागला असता, ना टीडीएस, ना एक्केचाळीस दिवस.

आणखी एक गोष्ट मला त्याच वर्षी एका कर सल्लागारांकडून कळली. यांनी पाठवलेल्या पैशातून मी माझ्या नावावर ठेवी केल्या होत्या. मला वाटायचं, मुलांची आई म्हणून माझ्याही नावावर चार पैसे असू द्यावेत. पण नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. म्हणजे तोच पैसा यांच्या एनआरई ठेवीत असता तर व्याज करमुक्त, आणि माझ्या नावावर ठेवला म्हणून करपात्र. आईवडिलांना मुलाने पाठवलेल्या पैशाचं तसं नाही. ती नातलगाची भेट, तिच्यावर कर लागत नाही, आणि त्यावरचं व्याज आईवडिलांच्याच उत्पन्नात धरतात. गल्लीत याच्या बरोबर उलटी समजूत आहे. मुलाने पाठवलेल्या पैशाला लोक घाबरतात आणि बायकोच्या नावावर बिनधास्त ठेवतात.

हुंडीबद्दल, म्हणजे बँक टाळून परदेशातला पैसा घरपोच करण्याबद्दलही स्पष्ट लिहिते. आमच्या गल्लीत एका घरी नव्वदच्या दशकात माणूस दारात येऊन नोटा मोजून देऊन जायचा. रियालला दोन-तीन रुपये जास्त मिळायचे. माझ्या वहीत १९९९ च्या पानावर रियाल ११० रुपयांच्या आसपास आहे, तेव्हा दोन रुपयेही मोठे वाटायचे. आम्ही कधी तो पैसा घेतला नाही. ज्यांनी घेतला त्यांना घर घेताना पैसा कुठून आला हे दाखवता आलं नाही. आज हुंडीची जागा दुसऱ्या मोहाने घेतली आहे. ‘पाठवायला शुल्क शून्य’ म्हणतात आणि दर कमी देतात. समजा युरो १०० रुपये आहे. एका ठिकाणी शुल्क नाही पण दर ९७.८० चा, तर हजार युरोचे ९७,८०० रुपये येतील. दुसरीकडे सहा युरो शुल्क आणि दर ९९.६०, तर ९९,००२ येतील. मी मुलाला एकच विचारते, ‘तिथून किती गेले आणि इथे किती पडले?’ त्या दोन आकड्यांचा भागाकार वहीत लिहिते. बाकीची जाहिरात वाचत नाही.

ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस रुपया घसरला आणि रियाल १७० च्या पुढे गेला. मस्कतमधले यांचे सोबती तिथे बँकेतून कर्ज काढून पैसे घरी पाठवत होते, की दर चांगला मिळतोय. यांनीही फोनवर विचारलं. मी नको म्हटलं. तिथलं कर्ज तिथल्या पगारातून फेडायचं आणि नोकरी दर दोन वर्षांनी नूतनीकरणावर. दराच्या लोभापायी नोकरीवर बोजा ठेवायचा नाही, हे मी तेव्हा ठरवलं आणि मुलालाही तेच सांगते. सहा महिन्यांचा तिथला खर्च आणि घरी यायच्या तिकिटाचे पैसे तिथल्या खात्यात कायम असले पाहिजेत. त्याला हात लावून इथे काहीही घ्यायचं नाही, मग ते घराचं बुकिंग असो की बहिणीचं लग्न.

मुलाच्या वेळी गोष्टी बदलल्या होत्या. २०२२ मध्ये जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी १०,३३२ युरो तिथल्या ब्लॉक्ड खात्यात आधी भरावे लागले. त्या वेळच्या दराने सव्वाआठ लाखांच्या घरात. ते खातं महिन्याला ८६१ युरोच सोडायचं, जास्त नाही. २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ झाली. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं म्हणून आमचं राहतं घर तारण ठेवलं. त्या दिवशी शाखेत कर्जाचे सतरा कागद झाले, पण ‘मुलगा निघाला की त्याचं खातं एनआरओ करा, हप्ता एनआरईतून लावता येतो, जायच्या आधी त्याची सही घेऊन ठेवा’ असं कुणी म्हटलं नाही. मी स्वतःच विचारलं, कारण माझे २०१२ झाले होते. माझ्या शेजारी बसलेल्या बार्शीच्या वडिलांनी विचारलं नाही. त्यांना कोण सांगणार होतं?

ज्या घरात पहिल्यांदाच कुणी निघालंय तिथे पगाराचा आकडा कसा डोक्यात शिरतो ते सांगते. मुलाला नोकरी लागली, महिना ४,००० युरो. दुसऱ्या दिवशी नणदेनं गुणाकार केला, चार लाख! तिसऱ्या दिवशी गृहकर्जाच्या एजंटाचा फोन, ‘काकू, मुलगा जर्मनीत म्हणजे एक कोटीपर्यंत सहज होईल.’ मुलाच्या पगारपत्रकाची प्रत मी मागवून घेतली आणि वहीत लिहिली. आयकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा, शुश्रूषा विमा असं सगळं कापून लग्न न झालेल्या माणसाच्या हातात २,६०० च्या आसपास येतात. त्यातले ९०० घरभाड्याला. तिथे भाड्याचे दोन आकडे असतात, एक नुसत्या जागेचा आणि एक हीटिंग, पाणी वगैरे धरून, आणि आत शिरताना जागेच्या भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंत अनामत द्यावी लागते. टीव्ही नसला तरी घरामागे महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क. मग खाणं, प्रवास, थंडीचे कपडे. कर्जाचा हप्ता गेल्यावर पहिल्या वर्षी त्याच्याकडे महिन्याला तीन-चारशे युरो उरत. त्या चारशेवर इथे एक कोटीचं कर्ज सुचवलं जात होतं. माझी हात जोडून विनंती आहे, परदेशातल्या मुलाचा पगार तुम्ही कर्जासाठी बघता तेव्हा हातात येणारा आकडा बघा आणि आईवडिलांनाही तोच समजावून सांगा.

आखाती देशात गेलेल्यांना पगारातून कर कापला जात नाही, पण तिथे दुसरी खाच आहे. यांचा पगार २३० रियाल, त्यात मूळ पगार १४०. सेवा संपल्यावर मिळणारी रक्कम मूळ पगारावर ठरते. त्यांच्या वेळच्या ओमानच्या कायद्याप्रमाणे पहिल्या तीन वर्षांना पंधरा-पंधरा दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला महिन्याचा मूळ पगार. आम्ही सतरा वर्षं मनात २३० धरून चाललो होतो. हा विषय बँकेचा नाही, पण निघणाऱ्या पोराला करारातला मूळ पगाराचा आकडा कुणीतरी बोट ठेवून दाखवला पाहिजे.

आता ओटीपीचं. आमच्याकडे रात्रीचे अकरा, मुलाकडे हिवाळ्यात साडेसहा. त्याचं जुनं सिम माझ्या कपाटातल्या डब्यात, जुन्या फोनमध्ये. तो तिकडून व्यवहार करतो आणि मी डोळ्यांवर चष्मा चढवून आकडे वाचते, ‘चार, सात, सात, शून्य...’ तोवर वेळ संपते, परत पहिल्यापासून. रिचार्ज चुकला आणि तीन महिने वापर झाला नाही की नंबरच बंद व्हायची भीती. सोलापुरात शेकडो घरांत रात्री हेच चालतं. ओटीपी कुणाला सांगू नका असे फलक तुमच्याच शाखेत आहेत, आणि आम्हाला दुसरा रस्ता कुणी दाखवत नाही. रस्ता आहे. खात्याला परदेशातला नंबर जोडता येतो. २०२३ पासून ओमान, अमिराती, सौदी, कतार, सिंगापूर, इंग्लंड, अमेरिका अशा काही देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआयसुद्धा चालतं. आणि इथले व्यवहार आईने बघायचे असतील तर मँडेटचा एक साधा फॉर्म असतो. मुलाच्या सहीनं मला इथली बिलं, हप्ते, कर भरायचा अधिकार मिळतो. तो फॉर्म मी मागितला तेव्हा कुणाला सापडेना. दुसऱ्या शाखेतून मागवला गेला.

जमिनीचं तर फार मोठं आहे आपल्या जिल्ह्यात. पोराचा पैसा आला की वडिलांची पहिली इच्छा रानाची. मोहोळकडच्या एका ओळखीच्या घरी मुलगा दुबईला गेल्यावर त्याच्या नावावर तीन एकर बागायत घ्यायचा घाट घातला होता. बयाणा देऊन झाला, मग कुणीतरी सांगितलं की अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, जायच्या आधी घेतलेली ठेवता येते. फ्लॅट, दुकान, बिगरशेती प्लॉट घेता येतो. बयाण्याचे पैसे अर्धेच परत मिळाले. ज्या शाखेतून बयाण्याचा चेक गेला तिला तो कशासाठी आहे हे ठाऊक होतं. पुढे विकताना आणखी एक अडचण येते. विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो आणि तो कमी करून घ्यायचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मिळवायचा असतो. भाडेकरूलाही अनिवासी मालकाच्या भाड्यातून कर कापावा लागतो. जुळे सोलापुरात किती भाडेकरू कापत असतील?

पीपीएफचं, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं नवीन खातं अनिवासी माणसाला उघडता येत नाही. जायच्या आधीचं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, वाढवता येत नाही. पोस्टातल्या बचत योजनाही नव्याने घेता येत नाहीत. तरी एजंट दारात येतात आणि म्हणतात, चालतंय.

इथे करमुक्त म्हणजे सगळीकडे करमुक्त नव्हे, हे माझ्या मुलानं मला शिकवलं. जर्मनीत राहणाऱ्याच्या जगभरातल्या उत्पन्नाची तिथे नोंद लागते. आपल्या एनआरई ठेवीचं व्याज इथे माफ असलं तरी तिथे दाखवावं लागतं. एनआरओच्या व्याजावर दोन देशांतल्या करारामुळे इथला कर १० टक्क्यांवर आणता येतो, पण तिथल्या रहिवासाचा दाखला बँकेला द्यावा लागतो. तुमच्याकडून तो कुणी मागत नाही, ३१.२ कापून मोकळे होतात. अमेरिकेत असणाऱ्यांचं आणखी कडक आहे. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी ती तिथे कळवावी लागते. आपल्याकडे आईवडील सोयीसाठी आपल्या ठेवीवर मुलाचं नाव दुसरं लावतात. त्या ठेवीसुद्धा त्या पोराच्या बेरजेत जातात. ठेवीच्या फॉर्मवर दुसरं नाव लिहिताना ‘मुलगा कुठं असतो?’ एवढं विचारलंत तरी पुरे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पॉलिसींचा. आईवडिलांच्या खात्यात परदेशातून मोठी रक्कम पडली की आठ दिवसांत फोन येतो. ‘साहेबांनी बोलावलंय.’ एफडी करायला गेलेले सत्तर वर्षांचे काका हातात दहा वर्षं हप्ता भरायची विमा पॉलिसी घेऊन परत येतात. त्यांना वाटतं एफडीच आहे, वर विमाही मिळाला. त्यांना हेही कुणी सांगत नाही की कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. पोरगं तिकडे बर्फात पहाटे पाचला उठून कामाला जातं, त्याचा तो पैसा आहे. तुमच्यावर टार्गेटचा ताण आहे हे मी जाणते, माझा भाचा बँकेत आहे. तरीही या पैशाला हात लावू नका.

पतसंस्थांच्या संचालकांनाही सांगायचं आहे. व्याज दोन टक्के जास्त म्हणून लोक तुमच्याकडे येतात, ओळखीपाळखीने येतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. एनआरई खातं तुम्हाला उघडता येत नाही, आणि बऱ्याच सहकारी बँकांनाही त्याची परवानगी नाही. तर पावती फाडायच्या आधी हे तोंडानं सांगा. पोराचा पैसा आईच्या नावानं भिशीत आणि पतसंस्थेत फिरतो आणि बुडाला की पोराला कळवायलाही आई घाबरते. मी अशी एक आई पाहिली आहे. सहा महिने तिनं मुलाला फोनवर ‘सगळं ठीक आहे रे’ एवढंच सांगितलं.

आता मागणी.

हे गाव मुळात पोटासाठी लांबून आलेल्या माणसांनी उभं केलं. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून आले, माग चालवले, चादरी विणल्या, गावाकडे मनीऑर्डरी केल्या. आज त्यांचीच नातवंडं फ्रँकफर्ट, दोहा, टोरांटोला चालली आहेत. तेव्हा जे सांगायचं ते मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही एका पानावर छापा. निघण्याआधी काय करायचं, निघाल्यावर काय, परत आल्यावर काय. परत येणाऱ्यांना तर कुणीच वाली नाही. हे २०१५ ला आले तेव्हा एनआरई खातं लगेच निवासी करावं लागतं आणि तिथून पुढचं व्याज करपात्र होतं, हे मी शाखेत सांगितलं, शाखेनं मला नाही.

परदेशातून आलेली रक्कम एखाद्या साध्या बचत खात्यात दोनदा-तीनदा पडलेली दिसली तर त्या खातेदाराला बोलावून विचारा. तुमच्या संगणकावर ते दिसतं. दंडाची भीती घालू नका, फॉर्म हातात द्या. पॅन आधारशी जोडलेला नाही म्हणून २०२३ च्या जुलैपासून कित्येक परदेशस्थ मुलांचे पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना जोडणी सक्तीची नाही, पण आयकर खात्याकडे आपण अनिवासी असल्याची नोंद असावी लागते. तेही त्याच वेळी विचारा. नामनिर्देशनही विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. एकट्याच्या नावाचं खातं आणि नॉमिनी कोराच, अशी परदेशातली खाती तुमच्याकडे किती पडून आहेत ते एकदा काढून बघा.

आणि वर्षातून एक आठवडा या कामाला वेगळं टेबल लावा. त्यासाठी संक्रांतीचा आठवडा सगळ्यात बरा. नाताळाची सुट्टी जोडून मुलं तेव्हाच घरी येतात, सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी मुद्दाम थांबतात. मुलगा समोर, आई समोर, दोघांच्या सह्या एकाच टेबलावर होतील. वकिलातीत रांगा नकोत, कुरिअर नको. जिल्हा अग्रणी बँकेनं बँकांच्या बैठकीत हा विषय घेतला तर पुढच्या संक्रांतीपासून सुरू करता येईल. आर्थिक साक्षरतेचे कार्यक्रम तुम्ही गावोगाव घेताच, त्यातला एक हा.

टेबलावर बसायला माणूस कमी पडला तर मला बोलवा. मला मानधन नको. वही घेऊन येईन. १९९९ पासूनची पानं आहेत त्यात, आणि मँडेटच्या फॉर्मच्या वीस झेरॉक्स मी काढून ठेवल्या आहेत.

आपली विश्वासू,
मुरारजी पेठेतील एक खातेदार,
सोलापूर